ओळ दाखव!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी माझी 'सेकंड लँग्वेज'. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला धरा, कारण 'इंग्लिश सेक्शनला भरपूर लेख आलेत, तू मराठीत लिही' हा आग्रह त्यांचाच!

विषय तसा सगळ्यांच्या कामाचा आहे. थर्ड इयर संपत आलं की हॉस्टेलमध्ये दोन जाती तयार होतात. एक कॅटवाले आणि दुसरे जीआरईवाले. (तिसरी जात 'बघू रे, अजून वर्ष आहे' वाल्यांची. तीच बहुसंख्य.) गणिताची भीती आपल्याला नसते. एम-थ्री पास झालेल्या माणसाला कॅटचं गणित काय घाबरवणार? पण उतारा आला, त्याखाली चार प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय आले, आणि चारही पर्याय बरोबर वाटायला लागले की आपली दांडी गुल. हा लेख त्या उताऱ्यांबद्दल आहे.

माझी फजिती

गेल्या ऑगस्टमध्ये मी आणि माझ्या रूममेटने एकाच दिवशी कॅटची मॉक टेस्ट दिली. मी वडखळची. घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर. रूममेट आमच्याच पेण तालुक्यातली, पण खारेपाटातली. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. फर्स्ट इयरला तिने वर्गात प्रेझेंटेशन दिलं होतं, तेव्हा एका शब्दाचा उच्चार चुकला आणि वर्ग हसला. मी नुसती हसले नाही, मागच्या बाकावरून मोठ्याने तो उच्चार दुरुस्त केला. त्यानंतर वर्षभर ती वर्गात इंग्रजीत एक वाक्य बोलली नाही. हे आज लिहितानाही मला बरं वाटत नाहीये, पण लिहिलं नाही तर पुढचं कळणार नाही.

तर मॉकचा निकाल. व्हर्बलचे २४ प्रश्न, ४० मिनिटं. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकलं तर १ वजा. उत्तर टाइप करायच्या प्रश्नांना निगेटिव्ह मार्किंग नाही. मी २२ प्रश्न सोडवले. ९ बरोबर, १३ चूक, त्यातले २ टाइप करायचे. म्हणजे २७ वजा ११, झाले १६. रूममेटने फक्त १४ सोडवले. ११ बरोबर, ३ चूक. ३३ वजा ३, झाले ३०. जवळपास दुप्पट!

मी आधी म्हटलं, टेस्टच फालतू आहे. मग म्हटलं, तिचं नशीब. तिसऱ्या दिवशी गुमान तिच्या कॉटवर जाऊन बसले आणि विचारलं, "अगं, तू नक्की करतेस काय?"

ती म्हणाली, "काही नाही. आमच्या शाळेत बाई उताऱ्यावरचं उत्तर दिलं की म्हणायच्या, ओळ दाखव. ओळ दाखवता आली नाही की उत्तर चूक. मी अजून तेच करते."

एवढंच! माझी मात्र सवय वेगळी. इंग्रजी मला कानाने येतं. जो पर्याय छान वाटेल तो टिक करायचा आणि पुढे पळायचं. उतारा मी वाचतच नव्हते, नुसती त्यावरून नजर फिरवत होते.

कुठल्या परीक्षेत काय असतं?

पद्धतीकडे जाण्याआधी नकाशा बघून घेऊ.

कॅट : २०२१ पासूनच्या पेपरांत व्हर्बलचे २४ प्रश्न येताहेत. त्यातले १६ उताऱ्यांवरचे (४ उतारे, प्रत्येकी ४ प्रश्न). उरलेल्या ८ मध्ये विस्कटलेली वाक्यं लावणं, परिच्छेदाचा सारांश, वाक्य कुठे बसेल ते ओळखणं असले प्रकार.

जीआरई : सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आखूड झाली. आता एकूण १ तास ५८ मिनिटं. व्हर्बलचे दोन भाग : १२ प्रश्न १८ मिनिटांत आणि १५ प्रश्न २३ मिनिटांत. शिवाय ३० मिनिटांचा एक निबंध. पूर्वी दोन निबंध असायचे. त्यामुळे सीनियर्सची जुनी पुस्तकं घेताना हे तपासून घ्या.

एसएटी : हा आपला प्रांत नाही, पण धाकट्या भावंडांपैकी कुणी बारावीनंतर परदेशी जाणार असेल तर उपयोगी. ही परीक्षा आता संगणकावर होते. वाचन-लेखनाचे ५४ प्रश्न, २७-२७ चे दोन भाग, प्रत्येकी ३२ मिनिटं. उतारे अगदी छोटे, २५ ते १५० शब्दांचे, आणि एका उताऱ्यावर एकच प्रश्न.

सीयूईटी : २०२२ मध्ये सुरू झालेली ही परीक्षा केंद्रीय विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठी आहे. यात भाषेचा पेपर १३ भाषांपैकी निवडता येतो आणि त्यात मराठी आहे! २०२५ पासून ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ आणि चुकीला वजा १. माझा पेणचा मावसभाऊ याची तयारी करतोय. त्याचा सरावाचा मराठी उतारा मी ऐटीत सोडवायला घेतला आणि दहापैकी चार आले. म्हणजे माझा प्रॉब्लेम इंग्रजीचा नव्हता आणि मराठीचाही नव्हता. वाचण्याचा होता.

चला, एक उतारा सोडवू

उताऱ्यामागचं डोकं कुठल्याही भाषेत सारखंच चालतं, म्हणून सराव मराठीतच करू. खालचा उतारा रूममेटने खास माझ्यासाठी तयार केला. आधी वाचा, मगच खाली जा.

"खारेपाटातला शेतकरी समुद्राशी भांडत नाही, त्याच्या वेळा सांभाळतो. भरतीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध असतो आणि पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधात उघाडी असते. ओहोटीला उघाडीची झडप बाहेरच्या बाजूला उघडते, भरतीला पाण्याच्या दाबानेच बंद होते. यंत्र कुठलंही नाही. पण ही व्यवस्था एकट्याच्या शेतापुरती चालत नाही. बांधाला एका ठिकाणी खांड पडली की खारं पाणी शेजाऱ्याच्या शेतातही शिरतं आणि मातीतलं मीठ धुऊन निघायला पुढचे काही पावसाळे जातात. म्हणून जुन्या काळी बांधाची डागडुजी हे गावाचं सामायिक काम होतं. ज्याच्या शेतासमोरचा बांध धड आहे, त्यालाही टोपलं उचलावं लागे."

प्रश्न १. उताऱ्याचा मुख्य मुद्दा कोणता?
अ) खारेपाटात भातशेती परवडत नाही.
ब) उघाडीची झडप यंत्राशिवाय चालते.
क) बांध टिकवायचा तर तो सगळ्यांनी मिळून राखावा लागतो.
ड) आजचे शेतकरी बांधाकडे दुर्लक्ष करतात.

मी छातीठोकपणे 'ड' म्हटलं. मी वडखळची! खांडी पडल्याच्या बातम्या लहानपणापासून ऐकतेय. रूममेट म्हणाली, "ओळ दाखव." मी 'जुन्या काळी' वर बोट ठेवलं. ती म्हणाली, "जुन्या काळी काय होतं ते लिहिलंय. आज काय आहे ते कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. ते उताऱ्यात नव्हतं, माझ्या डोक्यात होतं. उत्तर 'क'.

पर्याय 'ब' बघा. तो पूर्णपणे खरा आहे, ओळही दाखवता येते. तरीही चूक, कारण तो एक तपशील आहे. मुख्य मुद्दा तो, ज्यासाठी बाकीची वाक्यं आली आहेत. 'पण' या शब्दापाशी उतारा वळतो आणि वळणानंतरच लेखकाला जे सांगायचंय ते येतं. इंग्रजीत 'बट', 'हाउएव्हर', 'येट' दिसले की पेन्सिल तिथे थांबली पाहिजे.

प्रश्न २. उताऱ्यावरून काय निश्चित म्हणता येईल?
अ) स्वतःच्या शेतासमोरचा बांध नीट असूनही एखाद्याचं नुकसान होऊ शकतं.
ब) खारं पाणी शिरलेली जमीन कायमची नापीक होते.
क) उघाडी नसेल तिथे भात होतच नाही.
ड) प्रत्येक गावात दरवर्षी खांडी पडतात.

उत्तर 'अ'. हे वाक्य उताऱ्यात जसंच्या तसं नाही, पण 'शेजाऱ्याच्या शेतातही शिरतं' या ओळीतून ते सरळ निघतं. बाकीच्यांतले शब्द पाहा : कायमची, होतच नाही, प्रत्येक, दरवर्षी. असे टोकाचे शब्द दिसले की सावध व्हा. ते नेहमी चूकच असतात असं नाही, पण त्यांना तितकीच टोकाची ओळ लागते.

तर चुकीचे पर्याय साधारण चार जातींचे असतात :
१) खरा, पण फक्त तपशील.
२) बाहेरचं ज्ञान, म्हणजे आपल्याला माहीत आहे पण उताऱ्यात नाही.
३) टोकाचा.
४) उलटा, म्हणजे शब्द उताऱ्यातलेच पण अर्थ फिरवलेला.

चूक झाली की ती कुठल्या जातीची ते लिहून ठेवा. माझ्या बहुतेक चुका दोन नंबरच्या निघाल्या. ज्या विषयातलं थोडंफार कळतं, त्याच उताऱ्यात मी जास्त पडत होते!

वाक्यं लावा

आता कॅटमधला आवडता (आणि नावडता) प्रकार. क्रम लावा :
१) तिथून उजवीकडे वळलं की रस्ता धरमतरच्या पुलावरून अलिबागला जातो.
२) पनवेलहून पेणमार्गे येणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गाला वडखळला एक फाटा फुटतो.
३) त्यामुळे सुट्टीच्या दिवशी या एका नाक्यावर दोन गर्द्या भेटतात : समुद्रावर निघालेल्या पर्यटकांची आणि गावी निघालेल्या चाकरमान्यांची.
४) सरळ जाणारा रस्ता मात्र नागोठणे, कोलाड, माणगाव करत तळकोकणाकडे निघतो.

इथे अर्थापेक्षा सांधे बघायचे. 'तिथून' म्हणजे कुठून? आधी ठिकाण आलं पाहिजे, म्हणून २ च्या मागे १. 'मात्र' एकटा येत नाही, त्याआधी दुसरी बाजू लागते, म्हणून १ नंतर ४. 'त्यामुळे' ला कारण लागतं आणि दोन गर्द्यांना दोन रस्ते, म्हणून ३ शेवटी. उत्तर २-१-४-३. इंग्रजीत 'धिस', 'सच', 'देअरफोर' हे असेच सांधे. ज्या वाक्यात सांधा नाही ते बहुधा पहिलं.

गाळलेली जागा

जीआरईवाले शब्दांच्या याद्या पाठ करून करून डोळे खोल घालवतात. याद्या लागतातच, पण त्याआधी एक युक्ती. पर्याय हाताने झाका आणि रिकाम्या जागी स्वतःचा साधा मराठी शब्द घाला. उदाहरणार्थ :

'सीनियर्सनी केलेली मेसच्या भाजीची स्तुती इतकी ______ होती, की ताट समोर येईपर्यंत आम्हालाही ती खरी वाटली.'
पर्याय : मोघम, पटण्याजोगी, उपरोधिक.

मेसचा अनुभव असल्यामुळे सगळे 'उपरोधिक' म्हणतील. पण ओळ दाखवा! 'इतकी... की... खरी वाटली.' म्हणजे शब्द 'पटण्याजोगी' हाच. पुन्हा तेच, भाजीचा आपला अनुभव प्रश्नाबाहेर ठेवायचा.

लिहिण्याचा भाग

जीआरईच्या निबंधात एक विधान देतात आणि तुम्ही किती सहमत आहात ते कारणांसह लिहायला सांगतात. गुण ० ते ६, अर्ध्या-अर्ध्याने. विषयांचा साठा परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच जाहीर केलेला आहे, तो जरूर बघा. सरावासाठी आम्ही घरचाच विषय घेतला :

'रस्ता रुंद झाला की गावाचा विकास होतोच.'

दिवाळीच्या सुट्टीत मी हा निबंध वडखळला बसून लिहिला. पहिला मसुदा सगळा होकाराचा. दळणवळण, रोजगार, पर्यटन, दवाखान्यात लवकर पोचणं. गुळगुळीत इंग्रजी आणि आत काहीच नाही. बाबांचं नाक्यावर छोटं दुकान आहे. त्यांनी विचारलं, "काय लिहितेस बाळा?" मी विधान वाचून दाखवलं. ते हसले आणि म्हणाले, "गाडी थांबली तर गिऱ्हाईक. सुसाट गेली तर आपल्याला फक्त धूळ."

मी तो मसुदा फाडला. सगळी गोम त्या 'होतोच' मधल्या 'च' मध्ये होती. आपल्या भाषेत एका अक्षरात केवढा दावा असतो! इंग्रजीत त्या जागी 'ऑलवेज', 'ओन्ली', 'मस्ट' येतात. निबंधाचं विधान मिळालं की पहिल्यांदा हा 'च' शोधा. तुमचा निबंध तिथून सुरू होतो.

दुसरा मसुदा असा झाला :
पहिला परिच्छेद : माझी भूमिका. रस्ता संधी आणतो, पण ती गावाच्या हाती लागेलच असं नाही.
दुसरा : कुठे फायदा होतो. पेशंट, माल, कॉलेजला ये-जा. एक उदाहरण, नीट उलगडून.
तिसरा : कुठे होत नाही. नाक्यावर थांबणारं गिऱ्हाईक आणि सुसाट जाणारी गाडी.
चौथा : मग फरक कशाने पडतो? थांबायला जागा, गावात शिरायला वाट, दुकानांना सोय.
शेवट : दोन वाक्यांत भूमिका पुन्हा, पण आता अटींसकट.

वेळ : ५ मिनिटं आखणी, २० मिनिटं लेखन, ५ मिनिटं तपासणी. तपासताना आपल्या ठरलेल्या चुका बघायच्या. 'डिस्कस अबाउट' (नुसतं 'डिस्कस' पुरतं), 'रिटर्न बॅक' ('बॅक' नको), 'वन ऑफ द रीझन्स आर' ('इज' हवं), आणि 'अ', 'अ‍ॅन', 'द' गाळणं. मराठीत आर्टिकल्स नाहीत, म्हणून आपण ती विसरतो. यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त यादी करून भिंतीवर लावायची.

रोजचा कार्यक्रम

आम्ही जे करतोय ते थोडक्यात :
१) रोज एक अग्रलेख. एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. वाचून झाला की एका वाक्यात सारांश. एका वाक्यात मावत नसेल तर कळला नाही असं समजायचं.
२) पहिले तीन आठवडे घड्याळ बंद. आधी बरोबर, मग वेगात. उलटं केलं की चुका फक्त लवकर होतात.
३) टेस्ट संपल्यावर लगेच उत्तरं बघायची नाहीत. शंका आलेले प्रश्न पुन्हा वेळेशिवाय सोडवायचे. दुसऱ्यांदा बरोबर आलं तर अडचण वेळेची. दुसऱ्यांदाही चुकलं तर अडचण समजण्याची. औषध वेगवेगळं.
४) चुकांची वही. चार रकाने : मी काय निवडलं, का निवडलं, चूक कुठल्या जातीची, बरोबर उत्तराची ओळ कुठली. जर्नलसारखी दुसऱ्याची उतरवून चालत नाही!
५) जोडीने अभ्यास. एकाने उत्तर द्यायचं, दुसऱ्याने फक्त एकच म्हणायचं : "ओळ दाखव."

जाता जाता

कॅट अजून पुढच्या नोव्हेंबरात आहे. आमचं काय होईल ते तेव्हा कळेल, त्यामुळे 'अमुक पर्सेंटाइलची यशोगाथा' म्हणून हा लेख वाचू नका. कालच्या मॉकमध्ये माझे २८ आले, तिचे ३३. ती अजून पुढेच आहे.

पण मागच्या महिन्यात सेमिनार होता. रूममेट उभी राहिली आणि तिने इंग्रजीत विषय मांडला, वीस मिनिटं. एक-दोन उच्चार इकडेतिकडे झाले. मागून कुणीतरी खुदकन हसलं. मी मागे वळून बघितलं, तर फर्स्ट इयरला मी बसायचे तोच बाक होता.

मॅडमनी शेवटी एक अवघड प्रश्न विचारला. तिने स्लाइड मागे घेतली, आकृतीखालच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे उत्तर दिलं. ओळ दाखवून.

मराठी मीडियमच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, इंग्रजी उतारा 'आपला नाही' असं समजून सोडून देऊ नका. आणि कॉन्व्हेंटवाल्यांनो, तो आपलाच आहे असं समजून नुसती नजर फिरवू नका. उताऱ्याला आपली शाळा माहीत नसते.

रूम नंबर विचारून घ्या. दर रविवारी रात्री जेवणानंतर आम्ही एक उतारा सोडवतो. फक्त येताना पेन्सिल आणा, आणि जमल्यास थोडी चिवडा-शेव!